विश्लेषण : एक फेरी पटावर, एक फेरी ठोशांची… ‘चेसबॉक्सिंग’ची रात्र ईटसारख्या गावात रंगेल का?

रिंगणात मधोमध टेबल, टेबलावर बुद्धिबळाचा पट आणि समोरासमोर बसलेले दोन घामाघूम गडी. एकाच्या नाकातून रक्त येतेय, तरी त्याची नजर घोड्यावर. घंटा वाजते, टेबल उचलले जाते, हातात ग्लोव्ह्ज चढतात आणि तेच दोघे एकमेकांवर तुटून पडतात. तीन मिनिटांनी पुन्हा तोच पट, तीच अर्धवट चाल. चेसबॉक्सिंगच्या अशा चित्रफिती आता गावोगावच्या मोबाइलवर पोहोचल्या आहेत. लंडन, बर्लिन, लॉस एंजेलिस इथे या खेळाच्या खास रात्री भरतात. तिकीट लावून, संगीत, निवेदक आणि रोषणाईसह. धाराशिव जिल्ह्यातल्या भूम तालुक्यात, बीड आणि अहिल्यानगरच्या हद्दीजवळ असलेल्या ईटसारख्या गावातला एखादा मुलगा ही चित्रफीत पाहून घरी विचारतो, ‘हा खेळ आपल्याकडे शिकता येतो का? याचे सर्टिफिकेट चालते का?’ पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. दुसऱ्याचे नाही, आणि पालकांचे पैसे अडकतात ते दुसऱ्यातच.

चेसबॉक्सिंग म्हणजे नेमके काय?

एकाच लढतीत आलटून पालटून बुद्धिबळ आणि बॉक्सिंग. प्रचलित पद्धतीत एकूण ११ फेऱ्या असतात, त्यांपैकी सहा बुद्धिबळाच्या आणि पाच बॉक्सिंगच्या. सुरुवात पटावर होते आणि शेवटही पटावरच. प्रत्येक फेरी तीन मिनिटांची, मध्ये एक मिनिटाची विश्रांती. या एका मिनिटात ग्लोव्ह्ज काढायचे, घाम पुसायचा, पाणी प्यायचे आणि खुर्चीवर येऊन बसायचे. हातावरच्या पट्ट्या तशाच राहतात, त्याच हातांनी सोंगट्या हलवायच्या. डाव जिथे थांबला तिथूनच पुढे सुरू होतो.

विजयाचे मार्ग अनेक. पटावर शह-मात दिली, प्रतिस्पर्ध्याने डाव सोडला किंवा त्याचे घड्याळ संपले तर लढत तिथेच संपते. रिंगणात नॉकआउट झाला किंवा पंचांनी लढत थांबवली तरीही संपते. डाव बरोबरीत सुटला तर बॉक्सिंगचे गुण पाहतात. तेही समान निघाले तर काळ्या सोंगट्यांनी खेळणारा विजयी ठरतो, कारण पांढऱ्याला पहिल्या चालीचा फायदा आधीच मिळालेला असतो. म्हणजे ‘बरोबरीत सोडवली’ हा निकाल इथे नाहीच. कुस्तीच्या फडात मोठी लढत बरोबरीत सुटल्यावर उठणारा गोंगाट ज्यांनी ऐकला आहे, त्यांना या नियमाची किंमत कळेल.

बॉक्सर वेळ काढत बसला तर?

हा प्रश्न पहिल्यांदा पाहणारा प्रत्येक जण विचारतो. पटावर हरत असलेला तगडा गडी चालच करणार नाही, पुढच्या फेरीची वाट पाहील आणि ठोसा मारून मोकळा होईल. त्याला आडवतो घड्याळाचा हिशेब. प्रत्येक खेळाडूला सबंध डावासाठी नऊ मिनिटे मिळतात. दोघांची मिळून १८. आणि बुद्धिबळाच्या सहा फेऱ्या गुणिले तीन मिनिटे म्हणजेही १८. त्यामुळे अकरावी फेरी संपेपर्यंत कोणाचे तरी घड्याळ संपणारच, डाव लोंबकळत राहू शकत नाही. पूर्वी बुद्धिबळाची फेरी चार मिनिटांची आणि प्रत्येकाला १२ मिनिटे असत, तेव्हाही हाच मेळ होता. शिवाय मुद्दाम रेंगाळणाऱ्याला पंच ताकीद देऊ शकतात. सगळा खेळ या एका बेरजेवर उभा आहे म्हटले तरी चालेल.

यातूनच डावपेच ठरतात. पटावर वरचढ असलेला खेळाडू सोंगट्या लवकर मोकळ्या करतो, मारामारीचा डाव खेळतो, कारण त्याला जितक्या कमी फेऱ्यांत मात करता येईल तितके ठोसे वाचतात. बॉक्सिंगमध्ये वरचढ असलेला प्याद्यांची भिंत उभी करतो, बंदिस्त डाव खेळतो, पटावर फक्त तग धरतो. दोघेही अवघड, न सरावलेल्या सुरुवातीच्या फंदात पडत नाहीत. धाप लागलेली असताना नवे काही सुचत नाही, पाठ असलेलेच हाताला येते.

थकव्याचा पटावर काय परिणाम होतो याचे गाजलेले उदाहरण २००८ चे. बर्लिनमध्ये विश्वविजेतेपदाची लढत होती, जर्मनीचा पोलिस अधिकारी फ्रँक स्टोल्ट विरुद्ध रशियाचा १९ वर्षांचा गणिताचा विद्यार्थी निकोलाय साझिन. साझिन पटावर जिंकला. अंगावर बसलेल्या ठोशांनी लक्ष विचलित झाले आणि राजावर येणारा हल्ला दिसलाच नाही, असे स्टोल्टने नंतर सांगितले. ठोसे बसले पोटा-बरगड्यांवर आणि चूक झाली पटावर. हा खेळ इतर जोडखेळांपेक्षा वेगळा ठरतो तो इथे. दोन खेळ नुसते शेजारी ठेवलेले नाहीत, एकाचा मार दुसऱ्यात दिसतो.

ही कल्पना आली कुठून?

एका चित्रकथेतून. एन्की बिलाल या फ्रेंच चित्रकथाकाराने १९९२ मध्ये ‘निकोपोल’ मालिकेच्या तिसऱ्या भागात असा सामना रंगवला होता. त्यात आधी पूर्ण बॉक्सिंग आणि मग बुद्धिबळ असा क्रम होता. इपे रुबिंग या डच कलावंताने तो बदलून आलटून पालटून फेऱ्या आणल्या आणि २००३ मध्ये बर्लिनमध्ये प्रयोग केला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ॲमस्टरडॅमला पहिली विश्वविजेतेपदाची लढत झाली. त्यात रुबिंग स्वतः उतरला आणि प्रतिस्पर्ध्याचे घड्याळ संपल्याने जिंकला. त्याच्यासाठी सुरुवातीला हा कलाप्रयोग होता, पण पुढे त्याने जागतिक संघटना उभारली, क्लब काढले आणि आयुष्य त्यातच घातले. २०२० मध्ये, वयाच्या अवघ्या ४५ व्या वर्षी तो गेला.

लंडनमध्ये टिम वुलगर यांनी २००८ पासून या लढतींना करमणुकीच्या रात्रीचे रूप दिले. एका संध्याकाळी अनेक लढती, मोठ्या पडद्यावर पट आणि प्रत्येक चालीवर जिवंत समालोचन. खेळाडूंच्या कानांवर हेडफोन असतात, म्हणजे समालोचकाने फोडलेली चाल त्यांना ऐकू जाऊ नये. प्रेक्षक मात्र सगळे ऐकत असतो. बुद्धिबळाच्या फेरीत हजारभर माणसे ‘आता वजीर जातोय’ म्हणून श्वास रोखून बसतात, हे दृश्य एरवी कुठल्या बुद्धिबळ स्पर्धेत दिसणार? डिसेंबर २०२२ मध्ये लॉस एंजेलिसला यूट्यूबर लुडविग याने भरवलेल्या रात्रीत ग्रँडमास्टर अमन हॅम्बल्टन आणि इंटरनॅशनल मास्टर लॉरेन्स ट्रेंट एकमेकांविरुद्ध रिंगणात उतरले. आँद्रेया बोटेझ आणि दिना बेलेंकाया यांचीही लढत झाली. एकाच वेळी तीन लाखांहून अधिक लोक ऑनलाइन पाहत होते. आज आपल्या मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफितींमागे त्या रात्रीचा मोठा वाटा आहे.

भारतात हा खेळ आहे का?

आहे, आणि बराच आधीपासून. कोलकात्याचे किकबॉक्सर मोंटू दास यांनी २०११ मध्ये भारतीय चेसबॉक्सिंग संघटना स्थापन केली. पाठोपाठ राज्यांतून संघटना निघाल्या, राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाल्या, भारतीय हौशी खेळाडू परदेशांतल्या स्पर्धांत पदकेही घेऊन आले. पण व्यावसायिक रात्री, तिकीट, प्रक्षेपण हा भाग आपल्याकडे रुजला नाही. आपल्याकडे तो वयोगट, वजनगट, पदक आणि प्रमाणपत्र या वाटेने वाढला. तिकडे करमणूक आधी आली आणि खेळ मागून. इकडे प्रमाणपत्र आधी आले, प्रेक्षक अजून यायचाच आहे.

खरे तर महाराष्ट्रात दोन्ही बाजूंचा कच्चा माल आहे. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळातून पिढ्या घडवल्या. नाशिकचा विदित गुजराथी २०२४ च्या बुडापेस्ट ऑलिम्पियाडमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघात होता, तिथल्याच विजेत्या महिला संघाचे कर्णधार पुण्याचे अभिजित कुंटे होते आणि त्या संघातली नागपूरची दिव्या देशमुख जुलै २०२५ मध्ये महिला विश्वचषक जिंकून आली. बॉक्सिंगमध्ये नागपूरची अल्फिया पठाण २०२१ मध्ये आणि पुण्याची देविका घोरपडे २०२२ मध्ये युवा जगज्जेती झाली. फक्त ही नावे वाचताना जिल्हे पाहा. सांगली, नाशिक, नागपूर, पुणे. धाराशिव कुठे आहे? तो कुस्तीत आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र केसरीची स्पर्धा धाराशिवला झाली, शिवराज राक्षेने हर्षवर्धन सदगीरला हरवले, तेव्हा मैदान ओसंडून वाहत होते.

मग ‘चेसकुस्ती’ का नको?

प्रश्न गमतीचा वाटेल, पण उत्तरात या खेळाची रचना उलगडते. कुस्ती चितपटीने क्षणात संपते. नोव्हेंबर २०२३ मध्येच फुलगावला झालेल्या दुसऱ्या महाराष्ट्र केसरीच्या अंतिम लढतीत सिकंदर शेखने शिवराज राक्षेला अर्ध्या मिनिटाच्या आत अस्मान दाखवले. अशा लढतीत पट मांडायचाच कशाला? पहिल्या फेरीत तीन मिनिटे प्यादी सरकवायची आणि दुसरीत निकाल. बॉक्सिंगमध्ये खाली पडलेल्याला दहा मोजेपर्यंत उठायची मुभा असते, बचाव करून, अंतर राखून फेरी काढता येते. कच्चा बॉक्सर तीन मिनिटे पळत राहून पटावर परत येऊ शकतो, कच्चा मल्ल नाही. चेसकुस्ती करायचीच तर चितपट बाजूला ठेवून फक्त गुणांवर खेळावी लागेल, आणि चितपट नसलेली कुस्ती आपला प्रेक्षक पाहणार नाही.

निकालावरच्या वादाचाही मुद्दा आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरीत पंचांच्या निर्णयावरून राक्षेने पंचाला लाथ मारली, पुढे त्याच्यावर आणि महेंद्र गायकवाडवर तीन वर्षांच्या बंदीची कारवाई झाली. चेसबॉक्सिंगचा निम्मा भाग तरी या वादापासून मुक्त आहे. शह-मात झाली की झाली, घड्याळ शून्यावर आले की आले, पडद्यावर हजार लोकांना दिसते. उरलेला निम्मा भाग मात्र पंचांच्याच हातात आहे. बॉक्सिंगचे स्वतःचे घरही नुकतेच सावरते आहे. जुन्या आंतरराष्ट्रीय संघटनेची मान्यता गेल्यावर ‘वर्ल्ड बॉक्सिंग’ला ऑलिम्पिक समितीने फेब्रुवारी २०२५ मध्ये तात्पुरती मान्यता दिली, तेव्हा कुठे २०२८ च्या ऑलिम्पिकमधले बॉक्सिंग वाचले.

ईटमध्ये अशी रात्र भरवायची तर काय लागेल?

समजा, गावातल्या तरुण मंडळाने मनावर घेतले. गर्दीची चिंता नाही. हलगी, फेटे, निवेदकाचा आवाज आणि रात्रीपर्यंत उभा प्रेक्षक हे सगळे फडाने आधीच तयार करून ठेवले आहे. शंकर पुजारी यांच्यासारख्या निवेदकांनी कुस्तीतला प्रत्येक डाव हजारोंना समजावून सांगितला, तसा पटावरचा डाव सांगणारा माणूस मात्र नव्याने घडवावा लागेल. पडदा आणि प्रोजेक्टर भाड्याने मिळतो. अडचण तांबड्या मातीची. इथे दोऱ्यांचे, आत सुमारे सहा मीटर चौरस असलेले, गादी घातलेले उंच रिंगण हवे. मातीवर किंवा उघड्या फरशीवर बॉक्सिंग घेणे म्हणजे डोके आपटण्याला आमंत्रण.

दुसरी अडचण घड्याळाची, या वेळी पोलिसांच्या. पूर्ण ११ फेऱ्यांची एक लढत विश्रांतीसह ४३ मिनिटे चालते. पाच लढती ठेवल्या आणि सगळ्या शेवटपर्यंत गेल्या तर साडेतीन तासांहून अधिक. ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. वर्षातले मोजके, जास्तीत जास्त १५ दिवस ही मुदत १२ पर्यंत वाढवता येते, पण ते दिवस आधीच जाहीर झालेले असतात. म्हणजे सहाला पहिली घंटा वाजलीच पाहिजे. पाहुण्यांचे सत्कार, नारळ, फेटे आणि भाषणे यांत आठ वाजले तर शेवटची, सर्वांत मोठी लढत मुक्याने पाहावी लागेल. सत्कार कमी करणे हे गावात रिंगण बांधण्यापेक्षा अवघड काम आहे, हे मान्य.

आणि प्रेक्षकांना चाल सांगायची सवय मोडावी लागेल! पारावर डाव मांडला की खेळणारे दोन आणि सांगणारे दहा. इथे ‘घोडा घे, घोडा घे’ ओरडलेले चालणार नाही. हातातल्या मोबाइलवर बुद्धिबळाचे ॲप लावून उत्तर काढणारे तर आणखी घातक. हेडफोन त्यासाठीच असतात.

डोक्याला बसणाऱ्या माराचे काय?

चित्रफितीत हा भाग दिसत नाही. ऑलिम्पिक बॉक्सिंगची लढत तीन फेऱ्यांची, म्हणजे नऊ मिनिटांची असते. पूर्ण चेसबॉक्सिंग लढतीत ठोशांची पाच फेऱ्यांत १५ मिनिटे होतात. म्हणून हौशी आणि लहान वयाच्या खेळाडूंसाठी फेऱ्या आणि वेळ कमी ठेवणे हा पर्याय नव्हे, अटच असायला हवी. हौशी बॉक्सिंगच्या नियमांत डोक्याला मार बसून नॉकआउट झालेल्या खेळाडूला किमान ३० दिवस लढतीपासून दूर ठेवतात. इथे तो नियम आणखी काटेकोर लागेल, कारण मेंदूला धक्का बसलेला खेळाडू मिनिटभरात उठून विचारांची लढाई करायला बसतो. तो पटावर अचानक बाळबोध चुका करू लागला, तर त्यावर हसण्याआधी डॉक्टरने त्याच्याकडे पाहिले पाहिजे. रिंगणाशेजारी डॉक्टर, दारात रुग्णवाहिका आणि सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालय किती मिनिटांवर आहे याचा आधीच केलेला हिशेब. हे तिन्ही नसतील तर मंडळाने रात्र भरवू नये. बुद्धिबळाचे प्रदर्शनी सामने घ्यावेत, तेही लोक पाहतील.

प्रमाणपत्र चालते का?

आता त्या मुलाच्या दुसऱ्या प्रश्नाकडे. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के समांतर आरक्षण आहे. दहावी-बारावीला क्रीडा सवलतीचे गुण मिळतात. दुष्काळी पट्ट्यातल्या, पोलिस भरतीसाठी पहाटे पळणाऱ्या मुलांच्या घरात या दोन गोष्टींचे वजन काय आहे, हे सांगायला नको. त्यामुळे कोणताही नवा खेळ गावात आला की त्याच्यासोबत शिबिराची फी, प्रवेश शुल्क, ट्रॅकसूटचे पैसे आणि ‘नॅशनल’चा प्रवासखर्चही येतो. पालक तो उसनवारी करून भरतात.

चेसबॉक्सिंग ऑलिम्पिकमध्ये नाही, आशियाई क्रीडा स्पर्धेत नाही आणि राष्ट्रकुल स्पर्धेतही नाही. बुद्धिबळ आणि बॉक्सिंग हे दोन्ही स्वतंत्रपणे मान्यताप्राप्त खेळ आहेत, पण दोन मान्य खेळ जोडले म्हणून तिसरा आपोआप मान्य होत नाही. ‘राष्ट्रीय’, ‘भारतीय’, ‘असोसिएशन’ हे शब्द संस्थेच्या नावात असणे म्हणजे शासनमान्यता नव्हे. संस्था नोंदणी वेगळी, खेळाची मान्यता वेगळी आणि त्या खेळाचा नोकरीच्या आरक्षणासाठीच्या यादीतला समावेश आणखी वेगळा. या तीन गोष्टींची गल्लत सर्वाधिक होते, आणि काही वेळा मुद्दाम केली जाते. ट्रॅम्पोलिन आणि टंबलिंगच्या बनावट प्रमाणपत्रांवर सरकारी नोकऱ्या मिळवल्याचे प्रकरण राज्यात गाजले होते. त्यात खऱ्या खेळाडूंच्या प्रमाणपत्रांकडेही संशयाने पाहिले जाऊ लागले. हा रोख चेसबॉक्सिंगच्या कोणत्याही संघटनेवर नाही. पण अनोळखी खेळाचे नाव घेऊन दारात येणाऱ्या प्रत्येकाला प्रश्न विचारण्याचा हक्क पालकांना आहे.

२०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्यानुसार राष्ट्रीय क्रीडा मंडळाकडे संघटनांना मान्यता देण्याचे आणि काढून घेण्याचे अधिकार येतात. छोट्या खेळांच्या संघटनांना त्यामुळे हिशेब, निवडणुका आणि खेळाडूंच्या तक्रारींची व्यवस्था दाखवावी लागेल. चेसबॉक्सिंगसारख्या खेळासाठी ही अडचणही आहे आणि संधीही. पदकांची यादी दाखवून भागणार नाही, संघटना कशी चालते ते दाखवावे लागेल.

तोवर पालकांनी काय करावे?

पैसे भरण्याआधी धाराशिवच्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन विचारावे, की हा खेळ या वर्षीच्या शालेय क्रीडा स्पर्धांच्या यादीत आहे का, सवलतीच्या गुणांना पात्र आहे का आणि पाच टक्के आरक्षणाच्या यादीत आहे का. तीन वेगळे प्रश्न, तीन वेगळी उत्तरे, शक्यतो लेखी. तिसऱ्याचे उत्तर ‘नाही’ आले तर खेळू नये असे मुळीच नाही, फक्त नोकरीच्या आशेवर कर्ज काढून खेळवू नये. प्रमाणपत्र हातात आल्यावरही त्याची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांकडे होते, आणि तिथे नापास झालेला कागद भरतीच्या शेवटच्या टप्प्यावर उमेदवाराला बाहेर काढतो. तोपर्यंत वयाची काही वर्षे गेलेली असतात.

ज्याला खरेच चेसबॉक्सर व्हायचे आहे, त्याची वाट तशीही दोन वेगळ्या खेळांतूनच जाते. बुद्धिबळ शालेय स्पर्धेत तालुक्यापासून खेळता येते, पट आणि सोंगट्यांना काही शे रुपये पुरतात, सराव मोबाइलवर फुकट होतो. बॉक्सिंगचा प्रशिक्षक जवळ मिळणे अवघड आहे, ते खरे. पण तालमीत जाणारा मुलगा दमसास आणि पायांची ताकद तिथेच कमावतो. रात्री तासभर दहा मिनिटांचे जलद डाव आणि पहाटे तालीम, एवढे दोन वर्षे केले तर तो चेसबॉक्सिंगच्या शिबिरात जाईल तेव्हा त्याच्याकडे तालुका पातळीवरच्या बुद्धिबळाची कामगिरी असेल.